पिंजऱ्यातल्या मुनियेला परंपरेचे प्रमाणपत्र देऊ नका

१/
मित्रहो, आजचा धागा राजे, लढाया किंवा किल्ले यांविषयी नाही. तो जेमतेम दहा सेंटिमीटर लांबीच्या एका पक्ष्याविषयी आहे. तरीही तो इतिहासाचाच धागा आहे, कारण या पक्ष्याला कोंडून ठेवण्याच्या समर्थनार्थ हल्ली इतिहासाची साक्ष काढली जाते. ती साक्ष अपुरी आहे आणि काही ठिकाणी उलटी आहे, हे दाखवण्यासाठी हा प्रपंच. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/
निमित्त घरगुती आहे. गेल्या हिवाळ्यात हिंगण्यात आमच्या शेजारचा महाविद्यालयीन मुलगा एक छोटा पिंजरा घेऊन आला. आत सहा पक्षी होते: दोन पोपटी, दोन गुलाबी, दोन हळदीसारखे पिवळे. "काका, हे कोणते फिंच आहेत जी? विकणारा म्हणे ऑस्ट्रेलियाचे." गच्चीवर जाळीची मोठी खोली बांधून तीत हे पक्षी वाढवायचे, असा त्याचा बेत होता. जाळी आणून झाली होती, बांबू कापून झाले होते.

३/
मी त्याला एवढेच सांगितले की उथळ ताटलीत पाणी ठेव आणि उद्या ये. दुसऱ्या दिवशी ताटलीतले पाणी गढूळ हिरवे झाले होते. पिसांवरचा रंग विरून खालचा मातकट तपकिरी दिसू लागला होता. ऑस्ट्रेलिया एका रात्रीत धुऊन निघाली आणि आपल्याच माळरानावरच्या मुनिया उरल्या. देशी मुनियांना रंग फासून 'विदेशी' म्हणून विकण्याचा हा धंदा भारतातल्या पक्षीबाजारांत जुनाच आहे.

४/
मुलगा ओशाळला, पण हरला नाही. संध्याकाळी त्याने मला समाजमाध्यमांवरचे चार-पाच लेख धाडले. सर्वांचा सूर एक: मुनिया पाळणे ही आपली शेकडो वर्षांची परंपरा, कायदा मात्र परक्या विचारांचा, पिंजऱ्यात पक्षी सुरक्षित राहतो, पाळल्यानेच पक्ष्याचे ज्ञान होते आणि पाळल्यानेच जाती वाचतात. ही चारही विधाने मी एकेक करून तपासणार आहे. त्याआधी पक्ष्याची ओळख हवी.

५/
'फिंच' हा शब्द बाजारात फार सैलपणे वापरतात. खऱ्या फिंचांचे कुळ वेगळे. त्यातला गुलाबी चटक हिवाळ्यात आपल्याकडे पाहुणा म्हणून येतो. मुनियांचे कुळ 'एस्ट्रिल्डिडी'. ऑस्ट्रेलियाचा झेब्रा फिंच याच कुळातला, म्हणजे मुनियेचा दूरचा नातलग. मराठीत मुनियांना 'मनोली' असेही नाव आहे. जाड शंकूसारखी चोच, थव्याने हिंडणे आणि गवताच्या बियांवर निर्वाह ही या मंडळींची समान लक्षणे.

६/
मध्य भारतात, म्हणजे आपल्या परिसरातही, सर्वांत सहज दिसते ती पांढऱ्या कंठाची मुनिया. पाठ मातीच्या रंगाची, पोट पांढरे, शेपटी काळी व टोकदार, चोच राखी-रुपेरी. दुसरी ठिपकेवाली: गळा व डोके गडद तांबूस, पोटावर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी. तिची पिले मात्र सरसकट फिकट तपकिरी असतात, नक्षीचा मागमूस नसतो. रंगाऱ्यांना नेमके हेच फिके पक्षी सोयीचे पडतात.

७/
तीनरंगी मुनियेचे डोके काळे, पाठ तांबडी-तपकिरी, पोट पांढरे आणि पोटाच्या मधोमध काळा डाग. ती पाणथळ जागी, बोरूच्या व पाणकणसाच्या आसपास रमते. हिरवी मुनिया सर्वांत दुर्मीळ: वरून हिरवी, खालून पिवळी, कुशीवर काळे-पांढरे आडवे पट्टे, चोच लाल. तिला शास्त्रीय नाव दिले जॉन लॅथमने १७९० मध्ये; 'फॉर्मोसा', म्हणजे देखणी. ही जात भारतीय उपखंडाबाहेर नैसर्गिकपणे कोठेच आढळत नाही. देखणेपण तिला महागात पडले आहे.

८/
आणि लाल मुनिया. विणीच्या हंगामात नर गर्द लाल होतो, अंगभर पांढरे ठिपके उमटतात. हंगाम सरला की ही लाली झडते आणि नर जवळजवळ मादीसारखा तपकिरी दिसू लागतो. केवळ शेपटीच्या मुळाशी लाल रंग उरतो. चोचीचा रंगही ऋतूबरोबर बदलतो. लाल पक्षी विकत घेणाऱ्याला काही महिन्यांनी वाटते की आपल्याला फसवले. इथे फसवणूक नसते, ऋतुचक्र असते. मात्र निकृष्ट आहार आणि अपुऱ्या उजेडामुळे पिंजऱ्यातली लाल मुनिया कायमची काळवंडते, हेही पक्षीपाळांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

९/
आता इतिहास. मराठ्यांचा इतिहास वाचणाऱ्यांना डॉ. जॉन फ्रायर हे नाव अपरिचित नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा हा वैद्य १६७५ मध्ये जुन्नरला मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून गेला होता, आणि त्याने तेथील हकीकत लिहून ठेवली. त्याचा प्रवासग्रंथ १६९८ मध्ये लंडनला छापला गेला. त्याच ग्रंथात अहमदाबादेहून येणाऱ्या लाल-पांढऱ्या ठिपक्यांच्या चिमुकल्या पक्ष्यांची नोंद आहे. एका पिंजऱ्यात पन्नास पक्षी, आणि त्यांचे सामुदायिक गाणे.

१०/
एका पिंजऱ्यात पन्नास! हा आकडा लक्षात ठेवा. कोणी शौकीन आपल्या दिवाणखान्यात पन्नास मुनिया एका पिंजऱ्यात ठेवीत नाही. पन्नासांचा पिंजरा हा मालाचा पिंजरा आहे. म्हणजे सतराव्या शतकातच हा पक्षी एका शहरातून दुसरीकडे जाणारा जिन्नस झाला होता, नीळ आणि सुती कापडाच्या बरोबरीने. तुम्ही ज्याला परंपरा म्हणता, तिच्या या जुन्या लेखी पुराव्यांत आधी घाऊक व्यापार दिसतो.

११/
त्या व्यापाराचा ठसा पक्ष्याच्या नावावरच उमटला. 'अहमदाबाद'चे 'अमदावाद', त्याचे इंग्रजी तोंडात 'अमदवत', आणि पुढे 'अवदवत'. १७३८ मध्ये एलिझर अल्बिन या चित्रकाराने लंडनमध्ये याच नावाने त्याचे चित्र प्रसिद्ध केले. १७५८ मध्ये लिनियसने शास्त्रीय नाव दिले तेही 'अमंदावा'. आजही लाल मुनियेचे शास्त्रीय नाव 'अमंदावा अमंदावा' आहे. ज्या शहरातून पक्षी पिंजऱ्यात भरून धाडला, त्या शहराचे अपभ्रष्ट नाव तो दोनदा मिरवतो.

१२/
विचार करा: पक्ष्याचे नाव ना त्याच्या गवतावरून पडले, ना त्याच्या गाण्यावरून, ना लाल रंगावरून. ते पडले निर्यातीच्या ठिकाणावरून. कापसाच्या गाठीवर बाजारपेठेचा शिक्का मारावा तसे. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हा शिक्का एकदा नीट वाचावा. 'कायदा परका आहे' असे म्हणणाऱ्यांनी तर दोनदा वाचावा. कारण मुनियेचा परदेशी बाजार हा कायद्याहून कितीतरी जुना परका आहे.

१३/
प्रतिपक्षावर अन्याय नको. देशी शौक नव्हताच, असे मी म्हणणार नाही. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात ससाण्याची शिकार, कोंबड्यांची व लावा पक्ष्यांची झुंज यांची राजविनोद म्हणून सविस्तर वर्णने आहेत. मराठी भाषेच्या जुन्या पुराव्यांसाठी आपण ज्या ग्रंथाकडे जातो, त्याच ग्रंथात पक्ष्यांचा खेळही आहे. ही वस्तुस्थिती आहे आणि ती मान्य केली पाहिजे.

१४/
अब्दुल हलीम शरर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जुन्या लखनऊचे जे चित्र रेखाटले, त्यात झुंजवल्या जाणाऱ्या पक्ष्यांत तितर, बटेर, बुलबुल यांच्यासह 'लाल'ही आहे. उत्तरेत नराला 'लाल' आणि मादीला 'मुनिया' म्हणण्याची रीत. म्हणजे शौक होता. पण तो होता म्हणून आज योग्य ठरतो का? त्याच मानसोल्लासात मृगयेचाही विस्तार आहे. आज कोणी त्या आधारावर काळवीट मारावा, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल काय? इतिहास काय घडले ते सांगतो. अनुमती देणे हे त्याचे काम नव्हे.

१५/
आता 'परक्या कायद्या'कडे येऊ. इंग्रजांचा १८८७ चा वन्यपक्षी संरक्षण कायदा फार तोकडा होता. नगरपालिका व छावण्यांच्या हद्दीत, विणीच्या हंगामात, ताज्या मारलेल्या वा पकडलेल्या पक्ष्यांच्या विक्रीपुरता. १९०२ मध्ये पक्ष्यांच्या कातड्यांची व पिसांची निर्यात बंद झाली, कारण विलायती टोप्यांसाठी पक्ष्यांची कत्तल होत होती. १९१२ मध्ये आणखी एक कायदा आला. जिवंत पक्ष्यांची निर्यात मात्र चालूच राहिली. पिसांवर बंदी आणि अख्ख्या पक्ष्याला मुभा, असा तो उफराटा न्याय होता.

१६/
ही निर्यात थांबवली ती स्वतंत्र भारताच्या संसदेने केलेल्या कायद्याच्या बळावर. १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आपला आहे. त्यात आरंभी काही पक्षी परवान्याने पकडण्याची फट होती. १९९०-९१ मध्ये देशी वन्यपक्ष्यांचा व्यापार पूर्णतः बंद झाला. या कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत जिवंत पकडणे, सापळा लावणे आणि अंडी-घरटी नष्ट करणे हेही येते. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची मांडणी बदलली. मुनियेला मोकळीक मिळालेली नाही. तेव्हा कायदा परका हा आक्षेप कागदावर टिकत नाही.

१७/
परंपरेचा आणखी एक अध्याय आपण सोयीस्करपणे विसरतो: पक्षी पकडणारा माणूस. पारधी, बहेलिया, मिरशिकार यांच्याकडे पक्ष्यांचे अफाट ज्ञान होते. कोणता थवा कोणत्या गवतावर उतरेल, कोणत्या वेळी पाण्यावर येईल, हे त्यांना मुखोद्गत. त्या ज्ञानाचे फळ दिवाणखान्यांना मिळाले. पारध्यांना मिळाला १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. १९५२ मध्ये तो रद्द झाला, कलंक मात्र पुसला गेला नाही. आजही जाळे टाकणारा पकडला जातो आणि गच्चीवर जाळी बांधणारा 'पक्षीप्रेमी' म्हणवतो. मागणी कोण निर्माण करतो, हा प्रश्न आपण कधी विचारणार?

१८/
दुसरे विधान: 'पिंजऱ्यात पक्षी सुरक्षित राहतो.' एखादी मुनिया पिंजऱ्यात काही वर्षे जगते, हे खरे. पण ही गणना पिंजऱ्यापासून सुरू करणे हीच लबाडी आहे. ती जाळ्यापासून सुरू करा. जाळ्यात मोडलेले पंख, टोपलीत गुदमरलेले, प्रवासात पाण्यावाचून मेलेले, रंगाच्या पाण्यात बुचकळून गारठलेले पक्षी तुमच्या गच्चीपर्यंत पोहोचतच नाहीत. पोहोचतो तो वाचलेला पक्षी. त्याला पाहून 'बघा, किती मजेत आहे' म्हणणे म्हणजे जहाज फुटल्यावर किनाऱ्याला लागलेल्या एकाला पाहून समुद्र सुरक्षित ठरवणे होय.

१९/
आहाराचेही तसेच. राळा आणि बाजरी वाटीत घातली की मुनियेचे पोट भरते, असा समज आहे. पिले वाढवताना या पक्ष्यांना गवताचे कोवळे, दुधाळ दाणे लागतात, बारीक किडे लागतात. घरट्यासाठी ओल्या गवताची लांब पाती लागतात. पावसाळा लागतो, थवा लागतो. लाल मुनियेची वीण पावसाळ्याच्या उत्तरार्धात गवत उंच झाल्यावर भरात येते, हा योगायोग नाही. वाटीत धान्य घालता येते. भाद्रपद कसा घालणार?

२०/
तिसरे विधान: 'पाळल्यावाचून पक्ष्याचे ज्ञान कसे होणार?' याचे उत्तर महाराष्ट्राच्या भूमीवरच आहे. १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीम येथे सालिम अलींनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे निरीक्षण केले. नर घरटे अर्धवट विणतो, माद्या येऊन तपासतात, पसंत पडले तर ताबा घेतात, आणि नर पुढचे घरटे विणायला घेतो. हा सारा व्यवहार त्यांनी पक्षी न कोंडता, घरट्यांसमोर तासन्‌तास बसून उलगडला. पुढच्या वर्षी तो मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पिंजऱ्यात हे दृश्य कधीच दिसले नसते.

२१/
नागपूरचाही वाटा आहे. १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपले अजब बंगला. या संग्रहालयात काम केलेल्या ई. ए. डी'अब्रू यांनी मध्य प्रांतातील पक्ष्यांची यादी १९३५ मध्ये त्याच नियतकालिकात छापली. त्या काळच्या रीतीप्रमाणे ओळख पटवण्यासाठी पक्षी मारून त्यांची कातडी जपली जात असे. आज दुर्बीण आणि भ्रमणध्वनीचा कॅमेरा हाती असताना आपण त्याहून मागे जाऊन पक्षी कोंडायचा, हे कोणत्या ज्ञानाचे लक्षण? मारुती चितमपल्ली यांनी आयुष्यभर अरण्यात हिंडून 'पक्षिकोश' सिद्ध केला. तो ज्ञानकोश पिंजऱ्यासमोर बसून झालेला नाही.

२२/
चौथे विधान सर्वांत आकर्षक: 'पाळल्यानेच जाती वाचतात.' इथे मी प्रतिपक्षाचा उत्तम पुरावा स्वतःच मांडतो. जपानात अठराव्या शतकात चीनमार्गे आलेल्या पांढऱ्या पाठीच्या मुनियेपासून 'बंगाली फिंच' ही पाळीव जात घडली. अडीचशे वर्षांच्या पैदाशीत तिचा रंग बदलला, तिचे गाणेही रानातल्या पूर्वजांहून गुंतागुंतीचे झाले. त्यावर शास्त्रज्ञांनी मोलाचे संशोधन केले. हे मान्य. पण या जातीने रानातल्या एकाही मुनियेला वाचवलेले नाही. ती कोंबडीसारखी वेगळी, माणसावर अवलंबलेली जात झाली.

२३/
झेब्रा फिंचचेही तसेच. ऑस्ट्रेलियाने आपले वन्यपक्षी बाहेर पाठवणे १९६० च्या सुमारास थांबवले. तेव्हापासून जगभरच्या पिंजऱ्यांतले झेब्रा फिंच पिंजऱ्यातच जन्मलेल्यांची संतती आहेत. त्यामुळे ज्याला पक्षी पाळायचाच आहे त्याच्यापुढे ही पिढ्यान्‌पिढ्या पाळीव असलेली जात आहे. प्रशस्त जागा, स्वच्छ पाणी, अंघोळीची ताटली, समुद्रफेण, जोडीदार आणि उडायला लांबी एवढे द्यावे. मात्र विकत घेताना रंग पाण्याने उतरतो का ते पाहावे. देशी मुनियेला मात्र ही वाट नाही. तिच्या मागे जाळे आहे.

२४/
हिरव्या मुनियेचे उदाहरण घ्या. वन्यजीव व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तिचे नाव आहे. भारत १९७६ मध्ये या करारात सामील झाला. ज्या काळात तिची निर्यात राजरोस होत होती, त्या काळात परदेशी पक्षीगृहांत ती पुष्कळ होती. त्या पक्षीगृहांतून तिचा एकही थवा आपल्या टेकड्यांवर परत आला नाही. उलट लाल मुनिया पिंजऱ्यांतून निसटून स्पेन, इटली, सिंगापूर अशा दूरदेशी रानात स्थायिक झाली आहे. पाळण्याने जात वाचली नाही. तिची फक्त जागा हलली, आणि तिकडची रानेही बदलली.

२५/
मग जात वाचते कशाने? गवताने. पांढऱ्या कंठाची मुनिया पुष्कळदा सुगरणीच्या जुन्या खोप्यात संसार थाटते. ठिपकेवाली काटेरी बाभळीत गवताचा गोळा रचते. लाल मुनिया उंच गवतात, जमिनीलगत. म्हणजे एक बाभूळ तोडली, एक ओढ्याकाठ सपाट केला, एक माळ पेटवला की कोणत्याही सापळ्यावाचून मुनिया नाहीशा होतात. कुसळी, पवन्या, शेडा, मारवेल ही नावे आपल्या आजोबांना पाठ होती. आपल्याला त्या सर्वांसाठी एकच शब्द उरला आहे: 'कचरा'.

२६/
आणि हा शब्द आपल्या तोंडी आला तो महसुली दप्तरातून. ज्या जमिनीवर सारा लागत नाही ती 'पडीक', ही कंपनी सरकारची दृष्टी. स्वतंत्र भारतानेही झुडपी माळ आणि गवताळ जमिनी 'ओसाड भूमी'च्या नकाशात घातल्या. गावाची गायराने याच दृष्टीने गिळली गेली. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश राज्यांना दिले. ज्यांना 'परक्या विचारांचा' राग येतो, त्यांनी आपला राग 'पडीक' या शब्दावर काढावा. तिथे तो सार्थकी लागेल.

२७/
हिंगण्यात राहणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे इथे वसाहत उभी राहिली, रोजगार आला. २०२० मध्ये सीताबर्डीहून लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो धावू लागली. हे सारे हवेच होते. मी कारखान्यांचा शत्रू नाही. पण वेणा नदीचा काठ, झिलपी तलावाभोवतीचे माळ आणि अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानातले गवत यांच्याकडे पाहताना आपण अजून 'रिकामी जागा' म्हणतो. ती रिकामी नाही. पावसाळ्याच्या अखेरीस पहाटे तिथे अर्धा तास उभे राहून पाहा.

२८/
म्हणून माझे म्हणणे एका वाक्यात: मुनिया पाळायची असेल तर गवत पाळा. सोसायटीच्या कोपऱ्यात, शाळेच्या मागे, शेताच्या धुऱ्यावर गवताचा एक पट्टा दाणे पिकून गळेपर्यंत कापू नका. बाभूळ राहू द्या, सुगरणीचे जुने खोपे शोभेसाठी तोडून आणू नका. ग्रामसभेत गायरानाचा विषय निघाला तर उठून बोला. आणि दिसलेल्या मुनियांची तारीख, जागा, संख्या वहीत नोंदवा. पन्नास वर्षांनी हीच वही इतिहासाचे साधन ठरेल.

२९/
ज्यांच्या घरी आधीच मुनिया आहे त्यांच्यासाठी: पिंजऱ्याचे दार उघडून भूतदया करू नका. रंग फासलेला, अशक्त, थव्यावाचूनचा पक्षी बाहेर फार टिकत नाही. महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, आणि नागपुरात सेमिनरी हिल्स येथे वन्यप्राण्यांचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. पक्षी तिथे सोपवा. विकत घेऊन 'सोडवणे' हेही नको. तुमच्या दयेचे पैसे हातात पडताच विकणारा दुसरी टोपली भरतो.

३०/
राहिला तो मुलगा. दोन दिवस त्याने ऐकले नाही. तिसऱ्या रात्री थंडी वाढली आणि सहापैकी दोन पक्षी, ज्यांचा रंग सर्वांत दाट होता ते, सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेले सापडले. उरलेले चार आम्ही दोघे मिळून देऊन आलो. परतताना तो काही बोलला नाही. गच्चीवरच्या जाळीवर आता दोडक्याचा वेल आहे.

३१/
इतिहासप्रेमी मित्रांनो, 'पूर्वी असेच होते' हे वाक्य कानावर पडले की दोन प्रश्न विचारायची सवय लावा. कोणासाठी होते? आणि त्याची किंमत कोणी मोजली? मुनियेच्या बाबतीत पहिल्याचे उत्तर फ्रायरच्या पन्नासांच्या पिंजऱ्यात आहे. दुसऱ्याचे उत्तर आमच्या गच्चीवर दोन दिवस पडून होते. पुढच्या वेळी बाजारात कोणी पोपटी 'विदेशी फिंच' पुढे केला, तर हा धागा आठवा, खिशात हात घालू नका, आणि १९२६ फिरवा.

धागा समाप्त. मतभेद असतील तर पुराव्यासह अवश्य मांडावेत.